डाव संपल्यावर: वेस्नॉथमध्ये संघाने घेतलेले लढाईचे निर्णय कसे तपासावेत

पाळीपाळीने खेळायच्या रणनीतीच्या खेळात एकट्याने हरलेला डाव दुसऱ्या दिवशी विसरता येतो. दोघातिघांनी मिळून हरलेला डाव मात्र पारावर, पानटपरीवर आणि व्हॉट्सॲपच्या गटात आठवडाभर चघळला जातो, आणि एवढ्या चर्चेतून सहसा एकाच प्रश्नाचे उत्तर शोधले जाते, ते म्हणजे दोष कोणाचा. ज्यांनी संघाने खेळायला नुकतीच सुरुवात केली आहे आणि त्या चर्चेतून पुढच्या डावासाठी काहीतरी हाती लागावे असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी ही पद्धत क्रमाने मांडली आहे.

उदाहरणासाठी ‘बॅटल फॉर वेस्नॉथ’ हा खेळ घेतला आहे. डेव्हिड व्हाइट यांनी २००३ मध्ये सुरू केलेला हा खेळ मोफत आणि मुक्त स्रोत आहे. तालुक्याच्या गावी चांगली रेंज असलेल्या ठिकाणी तो एकदा उतरवून घेतला की पुढे इंटरनेट लागत नाही. एकाच लॅपटॉपवर पाळीपाळीने बसून खेळता येतो किंवा मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करून दोन लॅपटॉप जोडता येतात. आमच्याकडे दारव्हा, दिग्रस, आर्णी या भागात लॅपटॉप कमी आणि खेळणारे जास्त असल्यामुळे दोन विरुद्ध दोन सरदारांच्या (सरदार म्हणजे एका बाजूची फौज चालवणारा) डावातही प्रत्येक सरदारामागे दोन-तीन डोकी बसलेली असतात. माऊस एकाच्या हातात असतो, मते तिघांची असतात, आणि वीज जाण्याच्या आत पाळी संपवायची घाई सगळ्यांनाच असते. अशा स्थितीत घेतलेला निर्णय नेमका कोणाचा आणि कशाच्या आधारावर होता, हे दुसऱ्या दिवशी कोणालाच नीट सांगता येत नाही. तपासणीची सुरुवात म्हणूनच डावाच्या आधीच करावी लागते.

वही

खेळायला बसण्यापूर्वी एकाला लेखनिक नेमावे आणि माऊस त्याच्या हाती देऊ नये. शंभर पानी साधी वही पुरते. आपली पाळी सुरू झाल्यावर, पहिली हालचाल करण्यापूर्वी, लेखनिकाने तीन गोष्टी लिहाव्यात: काय दिसते आहे, काय करायचे ठरले आहे आणि कशाची भीती आहे. चौथी गोष्ट मतभेद असेल तरच लिहावी, पण ती नावासकट लिहावी. एका खऱ्या डावातील नोंद नमुन्यादाखल देतो. त्यात ग्रंट हे शत्रूचे सैनिक, भालाईत आपले, आणि धुके म्हणजे नकाशाचा आपल्याला न दिसणारा भाग:

‘पाळी ९, दुपार. दिसते: पाण्यापलीकडे दोन ग्रंट, त्यांच्या मागे धुके. बेत: तीन भालाईत उथळ पाण्यापर्यंत, पुढच्या पाळीत पलीकडचे गाव घेणे. भीती: ११व्या पाळीला रात्र. मतभेद: धाकट्याचे म्हणणे, अलीकडच्या गावातच थांबावे.’

एवढे लिहायला एक मिनिट लागते. नवख्या संघांना हे मिनिट जड जाते आणि पाचव्या-सहाव्या पाळीपासून वही कोरी राहू लागते. तसे झाले तरी दिवस मावळतानाच्या पाळ्यांची नोंद चुकवू नये, कारण या खेळातील बहुतेक महागडे निर्णय त्याच पाळ्यांमध्ये होतात. त्याचे कारण पुढे आकड्यांत येईलच.

डाव संपला की खेळ रिप्ले, म्हणजे डाव पुन्हा पहिल्यापासून पाहता येईल अशी फाईल, जतन करण्याची सोय देतो. त्या फाईलला तारीख आणि नकाशाचे नाव द्यावे. त्याच रात्री तपासणीला बसू नये. हरलेल्याला राग असतो, जिंकलेल्याला ऐकून घ्यायचे नसते, आणि दोघांनाही सकाळी वावरात जायचे असते.

पहिले पाहणे मुकाट्याने

दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी सर्वांनी एकत्र बसून रिप्ले एकदा न थांबवता पाहावा. या वेळी कोणीही बोलू नये. प्रत्येकाने आपापल्या कागदावर, आपल्या मते डाव जेथे फिरला अशा तीन पाळ्यांचे क्रमांक लिहावेत आणि शेवटी कागद एकत्र करावेत. कागद आधी लिहून घेण्याचे कारण उघड आहे: मोठा दादा एकदा ‘अकराव्या पाळीतच मेलो आपण’ असे म्हणाला, की बाकीच्यांच्या कागदावरही अकराच येते.

रिप्ले पाहताना एक सोय लक्षात ठेवावी. संपूर्ण नकाशा पाहायचा की एखाद्या बाजूला त्या वेळी जेवढे दिसत होते तेवढेच पाहायचे, हे रिप्लेमध्ये निवडता येते. पहिले पाहणे आपल्या बाजूच्या नजरेनेच करावे. धुक्यात दडलेले चार ग्रंट एकदा पडद्यावर दिसले, की ‘हे तर कळायलाच हवे होते’ असे वाटू लागते आणि ती भावना नंतर काही केल्या पुसता येत नाही. संपूर्ण नकाशा अगदी शेवटी, निर्णयांवरची चर्चा आटोपल्यावर उघडावा.

पाळी कोणती निवडायची

कागदांवर बहुधा सैनिक मेल्याच्या पाळ्या लिहिलेल्या असतात. ते स्वाभाविक आहे, पण तपासायचा निर्णय साधारणपणे त्याच्या एक-दोन पाळ्या मागे असतो. वेस्नॉथमध्ये हे इतके स्पष्ट दिसते याचे कारण दिवस-रात्रीचे चक्र होय. हे चक्र सहा पाळ्यांचे आहे: पहाट, सकाळ, दुपार, सांज, रात्रीचा पहिला प्रहर आणि दुसरा प्रहर. माणसांच्या फौजेतील भालाईतासारखे ‘लॉफुल’ सैनिक सकाळी व दुपारी २५ टक्के जास्त आणि रात्रीच्या दोन्ही प्रहरांत २५ टक्के कमी नुकसान करतात. ग्रंटसारख्या ‘केऑटिक’ सैनिकांचे याच्या नेमके उलट असते. पहाट आणि सांज दोघांनाही सारखीच.

डाव पहाटेपासून सुरू झाला असेल तर नववी पाळी दुपारची, दहावी सांजेची आणि अकरावी रात्रीची येते. वर दिलेल्या नोंदीतील भालाईत अकराव्या पाळीत मेले, म्हणून सर्वांच्या कागदांवर अकरा होते. त्या पाळीत मात्र संघाच्या हाती करण्यासारखे फारसे उरलेले नव्हते. उथळ पाण्यातून जाताना माणसाच्या पायदळाची चाल मंदावते आणि शत्रूला लागून असलेल्या घरात (नकाशाच्या षटकोनी खणात) शिरताच सैनिकाची हालचाल संपते, त्यामुळे पुढे गेलेल्याला मनात येईल तेव्हा मागे फिरता येत नाही. निर्णय नवव्या पाळीत झाला होता आणि वहीत तो लिहिलेला होता. एका बैठकीत अशा तीन किंवा फार तर चार पाळ्या घ्याव्यात.

आकडेमोड

निवडलेल्या पाळीवर रिप्ले थांबवून आधी वहीतील नोंद मोठ्याने वाचावी आणि मग त्या क्षणी उपलब्ध असलेले पर्याय मांडावेत. केलेला पर्याय एक, न केलेले किमान दोन. यानंतर प्रत्येक पर्यायाची किंमत काढावी. खेळात हल्ला करताना शक्यतांचा हिशेब दाखवणारी खिडकी असते, पण ती समोरासमोरच्या एकाच झुंजीचा हिशेब देते. पुढच्या पाळीत शत्रू तिघांनी मिळून काय करील, हे आपल्यालाच काढावे लागते, आणि गणित दहावीच्या पलीकडचे नाही.

भालाईताची किंमत १४ सोने (खेळातले चलन), हिट पॉइंट (किती नुकसान सोसून मरतो तो आकडा) ३६, हातघाईत ७ नुकसानाचे ३ वार. ग्रंटची किंमत १२ सोने, हिट पॉइंट ३८, ९ नुकसानाचे २ वार. सपाट जमिनीवर दोघांचाही बचाव ४० टक्के, म्हणजे प्रत्येक वार लागण्याची शक्यता ६० टक्के. दिवसा भालाईताचा वार ९ चा होतो आणि ग्रंटचा ७ चा, त्यामुळे एका झुंजीत भालाईत सरासरी १६.२ नुकसान देतो आणि ८.४ घेतो. रात्री भालाईताचा वार ५ वर येतो, ग्रंटचा ११ वर जातो. आता तोच भालाईत सरासरी ९ देतो आणि १३.२ घेतो. दोन्ही झुंजींत सैनिक तेच, जागा तीच. फरक फक्त वेळेचा.

आता जागा बदलून पाहावी. माणसाच्या पायदळाचा गावात बचाव ६० टक्के असतो आणि उथळ पाण्यात अवघा २० टक्के. रात्री तीन ग्रंटांनी एका ताज्या भालाईताला घेरले तर त्यांचे एकूण सहा वार होतात आणि ३६ हिट पॉइंट संपवायला त्यांपैकी चार लागावे लागतात. मध्येच एखादा ग्रंट मरणार नाही असे धरले, तर भालाईत मरण्याची शक्यता उथळ पाण्यात सुमारे ९० टक्के, सपाटीवर सुमारे ५४ टक्के आणि गावात सुमारे १८ टक्के येते. शिवाय गावात तो वाचला तर पुढच्या पाळीच्या सुरुवातीला त्याचे ८ हिट पॉइंट भरून येतात, म्हणजे रात्री एका ग्रंटने गावात केलेले सरासरी ८.८ चे नुकसान जवळजवळ फुकट जाते.

हे तीन आकडे फळ्यावर लिहिल्यावर धाकट्याचे ‘गावातच थांबावे’ हे म्हणणे आणि मोठ्याचे ‘पाण्यापर्यंत जाऊ’ हे म्हणणे यांतील अंतर कोणालाही दिसते. तरीही येथे थांबू नये. मोठ्याचा युक्तिवाद असा असू शकतो की पलीकडे दोनच ग्रंट दिसत होते, तिसरा नव्हता. मग दोघांचा हिशेब काढावा: चार वारांपैकी चारही लागले तरच भालाईत मरतो आणि पाण्यात ती शक्यता सुमारे ४१ टक्के येते. गावाच्या बदल्यात हा धोका पत्करण्याजोगा होता का, यावर वाद होऊ शकतो, आणि तो करण्यासारखा वाद आहे. वहीत ‘त्यांच्या मागे धुके’ असे लिहिलेले असताना तिसरा ग्रंट शून्य धरणे योग्य होते का, हा त्याहून चांगला प्रश्न आहे.

नशीब वेगळे काढणे

खेळात आकडेवारीची एक खिडकी आहे. आपण दिलेले आणि घेतलेले नुकसान सरासरी अपेक्षेपेक्षा किती कमी-जास्त झाले, हे ती दाखवते. तपासणीत तिचा उपयोग करावा, पण तिच्यावर फार विसंबू नये. भालाईत पाण्यात उभे राहून मेले तर ही खिडकी ‘नशीब साधारण होते’ असेच सांगेल, कारण पाण्यात उभे राहिल्यावर जास्त मार बसणे हेच अपेक्षित होते. खिडकी नशीब सामान्य दाखवत असूनही डाव हरला असेल, तर दोष निर्णयांत शोधावा. खिडकी नशीब फार वाईट दाखवत असेल, तर निर्णय बरोबर असूनही हरलो असू शकतो. आणि नशीब फार चांगले असताना जिंकलेला डाव तर आवर्जून तपासावा. तो कोणी तपासत नाही.

विदर्भातील शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागू नये. मृगाचा पाऊस येईल या भरवशावर धूळपेरणी केली आणि पाऊस वेळेवर आला, तर गावभर शहाणा ठरतो. पावसाने दडी मारली आणि दुबार पेरणीची पाळी आली, तर तोच माणूस मूर्ख ठरतो. पेरणी केली त्या दिवशी आभाळ कसे होते, बियाणे किती हाताशी होते आणि दुसऱ्यांदा पेरायची ऐपत होती का, हे कोणी विचारत नाही. तपासणीत नेमके तेवढेच विचारायचे असते.

याच मुलखातील एक प्रसंग नवख्यांपुढे ठेवावा. नागपूरला सीताबर्डीच्या टेकड्यांवर २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि ब्रिटिशांची लहानशी तुकडी यांची लढाई झाली. दोन टेकड्यांपैकी लहान टेकडी भोसल्यांच्या बाजूच्या अरब शिपायांनी जिंकली, तेव्हा घोडदळाचा कॅप्टन फिट्झगेराल्ड याने हल्ल्याची परवानगी मागितली. लेफ्टनंट कर्नल स्कॉटने ती आधी नाकारली आणि शेवटी, करायचे असेल तर स्वतःच्या जबाबदारीवर कर, असा निरोप दिला. हल्ला यशस्वी झाला आणि लढाईचे पारडे फिरले. निकाल माहीत असल्यामुळे वाचणारा लगेच फिट्झगेराल्डची बाजू घेतो. तपासणाऱ्याने मात्र तो हल्ला फसला असता तर स्कॉटच्या हाती काय उरले असते, याचाही हिशेब करावा. नकार देणारा सेनापती भित्रा होता की राखीव घोडदळ सांभाळत होता, यावर अर्धा तास वाद घालायला लावला, की संघाला निर्णय आणि निकाल वेगळे करण्याची सवय लागते. त्यानंतर आपल्या डावाकडे वळावे, कारण तेथे कोणाचे पूर्वज नसल्यामुळे डोके शांत राहते.

निर्णय झाला कसा

संघाच्या तपासणीत सर्वांत अवघड भाग हाच आहे आणि बहुतेक गट तो टाळतात. प्रत्येक निवडलेल्या पाळीसाठी विचारावे: हा बेत आधी कोणी मांडला, विरोध कोणी केला, विरोधाचे उत्तर कारणाने दिले गेले की वयाने? आपल्याकडे घरात आणि गावात मोठ्यासमोर धाकट्याने एकदा बोलून गप्प बसण्याची रीत आहे. नवव्या पाळीत धाकटा एवढेच म्हणाला होता, ‘दादा, रात्र होऊन राहिली, पुढं कायले जाता?’ आणि दादाचे उत्तर होते, ‘तू पाहत राह्य नुसता.’ वहीत मतभेद नोंदला गेला होता म्हणून दुसऱ्या दिवशी तो सापडला. अन्यथा धाकट्यालाही आपण असे म्हणालो होतो हे सिद्ध करता आले नसते, आणि सिद्ध करायला गेला असता तर भांडण झाले असते. यावर साधा उपाय असा की तपासणीत बोलायला सुरुवात वयाने सर्वांत लहान असलेल्याने करावी आणि ज्याच्या हातात माऊस होता त्याने सर्वांत शेवटी बोलावे. मोठ्यांना हे पहिल्या बैठकीत रुचत नाही. दुसऱ्या बैठकीपासून सवय होते.

दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. चार सैनिक आहेत, एकाचे म्हणणे सगळे डावीकडच्या जंगलातून न्यावेत, दुसऱ्याचे म्हणणे सगळे मधल्या वाटेने न्यावेत. वाद लांबतो, वीज जायची वेळ होते, आणि ‘चला, दोन इकडे दोन तिकडे’ असे ठरते. दोघांचाही मान राखला जातो. असा बेत तपासायला घेतला की विचारावे, हा बेत मुळात कोणाचा होता? उत्तर ‘कोणाचाच नव्हता’ असे येते. चार सैनिकांनी एका ग्रंटला तीन-चार बाजूंनी घेरून मारता आले असते; दोघादोघांच्या जोड्यांना तेच जमत नाही, आणि शत्रू एकेका जोडीवर पूर्ण जोर लावतो. माझ्या पाहण्यात, नवख्या संघांचे डाव दोन टोकांच्या वाईट बेतांपेक्षा अशा मधल्या बेतांनी जास्त हरतात. जंगलाचा बेत पूर्ण राबवला असता किंवा मधल्या वाटेचा पूर्ण राबवला असता, तरी दोन्ही या तडजोडीपेक्षा बरे ठरले असते, हे रिप्लेवर घरे मोजून दाखवता येते. म्हणून तडजोड दिसली की लेखनिकाने नोंदीसमोर फुली मारावी आणि ती पाळी तपासणीत हमखास घ्यावी.

दोन सरदारांच्या संघात एक बाब झटपट तपासता येते. मित्रसरदारांचे सोने वेगवेगळे असते आणि प्रत्येक जण आपली भरती आपणच करतो. दोघांची भरती शेजारी शेजारी लिहून काढावी. दोघांनीही एकाच प्रकारचे सैनिक घेतले असतील आणि जखमी बरे करणारा एकही घेतला नसेल, तर पहिल्या पाळीपूर्वी आपसांत बोलणे झालेच नव्हते. यासाठी खेळात बेत आखण्याची सोय आहे. त्यात आखलेल्या चाली मित्रबाजूला आधीच दाखवता येतात. नकाशावर फक्त मित्रांना दिसतील अशा चिठ्ठ्याही चिकटवता येतात. हॉटस्पॉटवर दोन वेगळ्या खोल्यांत बसून खेळणाऱ्यांनी तर या दोन्हींची सवय लावूनच घ्यावी.

बैठकीचा शेवट

आता संपूर्ण नकाशा उघडावा आणि धुक्यात काय होते ते पाहावे. येथे टाळ्या-शिव्या होतील, होऊ द्याव्यात. मात्र जे आता दिसले त्यावरून आधी झालेला निवाडा बदलू नये. बदलायचाच असेल तर एकाच कारणासाठी बदलावा: ती माहिती त्या वेळी मिळवणे शक्य होते, एखादा वेगवान स्वार पुढे पाठवला असता तर दिसले असते, आणि संघाने तो पाठवला नाही.

शेवटी पुढच्या डावासाठी एकच नियम लिहावा. पाच नियम लिहिले की एकही पाळला जात नाही. नियम पाळला की मोडला हे दुसऱ्याला वहीवरून तपासता येईल असा तो असावा. ‘सावध खेळावे’ हा नियम नाही. ‘सांजेच्या पाळीच्या शेवटी एकही भालाईत पाण्यात उभा नको’ हा नियम आहे. तो वहीच्या पुढच्या डावाच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहावा, आणि सांजेची पाळी आली की लेखनिकाने तो वाचून दाखवावा. दोन-तीन डावांनंतर तो अंगवळणी पडला की त्याच्यावर रेघ मारून नवा घ्यावा.

कापूस वेचणी सुरू झाली की निम्मा गट संध्याकाळी हाताशी लागत नाही. त्या दिवसांत पूर्ण बैठकीचा हट्ट न धरता रिप्लेची फाईल आणि वहीच्या पानांचे फोटो गटावर टाकावेत, प्रत्येकाने आपल्या तीन पाळ्यांचे क्रमांक लेखनिकाला एकट्याला कळवावेत, आणि सर्वांचे येईपर्यंत त्याने ते गटावर टाकू नयेत.